येऊन-जाऊन असणारे आमचे स्वामी

पागोळी

मागच्या पंधरवड्यात आमचे स्वामी गेले. नव्वदी ओलांडली होती, दुखणं फार काढलं नाही. 'आमचे' या शब्दाला पहिली हरकत त्यांनीच घेतली असती, कारण संन्यासी कुणाचा नसतो. पण फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी ते जवळपास पन्नास वर्षं येऊन-जाऊन होते. आजी म्हणते तसं, इतक्या नेमानं घरचा जावईसुद्धा येत नाही.

नाव देत नाही. दिलं तरी कुणाला माहीत असणार नाही. ते मठाधीश नव्हते, प्रवचनं करत नसत, गुरुपौर्णिमेला रांग लावणारे शिष्य नव्हते. भगवी छाटी, लाकडी कमंडलू, खांद्याला झोळी. झोळीत काय असतं याचा आम्ही भावंडांनी एकदा चोरून शोध घेतला होता. दुसरी छाटी, सुईदोरा, सुतळीचा गुंडा आणि चष्म्याचं रिकामं घर. चष्मा ते लावत नसत. घर कशाला बाळगलं होतं कुणास ठाऊक.

माझे आजोबा मराठी शाळेत मास्तर. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, फूल की दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. आजोबा कडवे फूलवाले. पानं जिंकली आणि आजोबा सहा महिने कुणाशी धड बोलेनात. 34 हजार 21 हा मतांचा फरक ते मरेपर्यंत तारखेसारखा घोकायचे. त्याच वर्षीच्या पावसात फोंड्याच्या बाजारात एका दुकानाच्या वळचणीला ते अडकले होते, शेजारी हा तरणा संन्यासी. ओळख ना पाळख, आजोबांनी त्यांना दीड तास जनमत कौल समजावून सांगितला. त्यांनी सगळा ऐकला. शेवटी म्हणाले, "मास्तर, पाऊस थांबला."

आजोबा सांगायचे, "जानेवारीपासून पहिला माणूस भेटला ज्यानं माझ्याशी वाद घातला नाही. म्हणून घरी घेऊन आलो."

घरी आणलं ते बुधवारी. चुलीवर बांगड्यांचं हुमण. आजीनं दारातून भगवं बघितलं आणि आजोबांकडे जे बघितलं, ते आजोबा आम्हाला साभिनय करून दाखवायचे. चूल सारवून, नवीन मडकं काढून तिनं भात-वरण केलं. स्वामी तोवर सोप्यावर बसून होते. जेवले, "नारायण" म्हणाले, पान धुतलं, गेले. पुढच्या वर्षी परत आले. मग येतच राहिले.

एरवी मुक्काम जास्तीत जास्त तीन रात्री. जेवण दिवसातून एकदा, दुपारी, घरचा नैवेद्य झाल्यावर. स्वतः चूल पेटवायची नाही, पैशाला हात लावायचा नाही. बसचं तिकीट कोण काढतं असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "कोण ते ठाऊक नाही. आजवर कुणी उतरवलं नाही एवढं खरं." आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे मागायचं नाही. पानात पडेल ते खायचं, अमुक हवं, तमुक नको, हे तोंडातून येता कामा नये.

आमच्या आजोबांचं नेमकं उलट. पहिला घास घेतला की "मीठ कमी." रोज. आजी बरणी पुढे सरकवायची, रोज. एकदा आजोबा शाळेच्या कामाला पणजीला गेले होते आणि आजी आमटीत मीठ घालायलाच विसरली. स्वामी एकटेच पहिल्या पंगतीला. शांतपणे सगळं जेवून उठले. नंतर आम्ही बसलो तेव्हा उघडकीला आलं. आजी ओशाळून बाहेर गेली तर म्हणतात, "माई, आमटी होती. तेवढं पुष्कळ."

1986 साली त्यांनी चातुर्मास आमच्याकडे केला. व्यासपौर्णिमेला जिथे संकल्प करतील तिथेच राहायचं, मग सीमा ओलांडायची नाही. पावसात जमिनीवर जिवाजंतूंची पैदास असते, ती पायाखाली येऊ नये म्हणून हा थांबा. जैन मुनींचं नि बौद्ध भिक्षूंचंही तसंच. तर पौर्णिमा तोंडावर आलेली आणि 5 जुलैला मांडवीचा पूल कोसळला. स्वामी येणार सावंतवाडीकडून, म्हणजे बेतीला येऊन फेरीनं पणजीत उतरणार. त्या दिवसांत बेतीच्या धक्क्यावर काय गर्दी असायची ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाबा पणजीच्या बाजूला तीन तास उभे. अखेर एका फेरीबोटीतून स्वामी उतरले ते एका कडेवर कुणाचं तरी रडकं मूल आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी घेऊन.

त्या चातुर्मासात आजीची खरी पंचाईत झाली. पहिल्या टप्प्यात त्यांना शाकव्रत, भाजी वर्ज्य. आणि गोव्याचा पाऊस म्हणजे नुसती भाजी! टायकिळा, तेरें, अळू, आकूर, परसात पाय ठेवायला जागा नाही. आजी उंबऱ्यात उभी राहून पावसाला सांगायची, "बारा महिने कुठेही हिंडतात, आणि भाजी उगवते तेव्हा इथे येऊन ती खात नाहीत." महिनाभर मुगागाठी म्हणजे मोडाच्या मुगांची आमटी, अळसांद्यांचं तोंडाक म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी, परत मुगागाठी. आम्ही पोरं व्रत नसताना व्रतात.

समाधीला मी गोकर्णला जाऊन आले. तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय, म्हणून लिहायला बसले. तुमच्याकडे असं कुणी येत होतं का? गुरू म्हणून नाही हं. घरचं माणूस म्हणून.

---

कुळागरी

वाचताना मुगागाठींचा वास आला. आमच्या सत्तरीतल्या गावात देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, एक असे उतरायचे, पण ते आमच्या एकट्याच्या घरचे नव्हते, सगळ्या वाड्याचे. आज तुमच्याकडे भिक्षा, उद्या आमच्याकडे, अशी बायकांनी आपसात वाटणी केलेली. भांडणं व्हायची वाटणीवरून. आईला एकादशीच मिळायची नेहमी, आणि ती म्हणायची मुद्दाम देतात.

गणेश चवथ त्यांच्या चातुर्मासात आली असेल ना? त्याबद्दल लिही की.

---

पागोळी

आली तर! चार महिने म्हणतात खरे, पण बहुतेक संन्यासी पक्ष हाच महिना धरून भाद्रपद पौर्णिमेला आटोपतात. चवथ त्यात सापडतेच.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात ती चौकट, बांधताना स्वामींचा सुतळीचा गुंडा बाहेर आला. आमच्याकडे दरवर्षी तोरंजन खाली यायचं. एका वर्षी आरतीत काकाच्या डोक्यात पडलं होतं. त्या वर्षी प्रत्येक गाठ स्वामींनी मारली. सुपारीचं शिपटं, चिबूड, कवंडळं, वाघनखं, सगळं एका ओळंब्यात. गाठ मारली की बोटानं एक हिसडा द्यायचे, कान देऊन ऐकल्यासारखं करायचे आणि पुढच्या गाठीकडे. विसर्जनानंतर माटोळी सोडवताना बाबांना कोयती घ्यावी लागली.

पण मूर्तीपुढे ते बसले नाहीत. लांबून हात जोडले आणि परत माटोळीखाली येऊन वर बघत उभे. काकानं विचारलं, "स्वामी, गणपती तिकडे आहे." तर म्हणाले, "हो का? मला वाटलं वर बांधलाय."

---

शंकेखोर

छान लिहिलंय, पण मी जरा वेगळा सूर लावतो. भगवं दिसलं की मी दोन पावलं मागे जातो. आमच्या घरी असाच एक 'घरचा' झाला होता. आधी एक वेळ जेवण, मग आजारपण, मग आश्रमाच्या छपराला पत्रे, मग आत्याच्या बांगड्या. तुमचे आजोबा मास्तर, शिकलेले. त्यांना कधी शंका आली नाही?

---

पागोळी

@शंकेखोर, आली ना. आजोबा देवाचे माणूस नव्हतेच. जत्रेला जायचे ते नाटकासाठी. पहिली तीन-चार वर्षं ते स्वामी गेल्यावर कपाट तपासायचे, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, आणि तेही स्वामींसमोर. स्वामी म्हणाले, "मग? सापडलं का काही कमी?" आजोबा म्हणाले, "नाही." "मग मास्तर, नीट बघितलं नसेल."

आत्याच्या बांगड्यांचं वाईट वाटलं. मागणारा आणि न मागणारा, कपडे एकाच रंगाचे. लांबून कसं ओळखायचं यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे पन्नास वर्षं लागली.

---

तांबडी_माती

एक गोष्ट इथे नोंदवतो. फोंड्यात, काणकोणात, सत्तरीत जुन्या लोकांना संन्यासी घरी येण्याच्या आठवणी असतात, तशा बारदेश, साष्टी, तिसवाडीत फार कमी ऐकायला मिळतात. कारण उघड आहे. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या या तालुक्यांत, सोळाव्या शतकात देवळं पाडली, हिंदूंचे उपाध्ये नि जोगी हद्दपार करण्याचे हुकूम निघाले, 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते 1812 पर्यंत. देव रातोरात नदी ओलांडून फोंड्याकडे नेले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती लागला तो अठराव्या शतकात, तोवर त्यांची धर्मांतराची धग ओसरली होती. म्हणून देवळं नि मठ दाटीवाटीनं याच पट्ट्यात. कवळ्याचा गौडपादाचार्य मठ स्मार्तांचा, काणकोणात कुशावतीकाठी पर्तगाळचा मठ वैष्णवांचा. पर्तगाळ मठाला 2025 साली 550 वर्षं झाली.

तुमचे स्वामी यांपैकी कुठले?

---

पागोळी

कुठलेच नाहीत. आम्ही कवळे मठाचे, पण स्वामींचा मठाशी संबंध नव्हता. दशनामींपैकी होते, नावापुढे 'तीर्थ' होतं, इतकंच. आमच्या घराण्याचे गुरुस्वामी वेगळे, त्यांच्या पायावर आम्ही सोवळ्यात डोकं ठेवायचो. या स्वामींना आजोबा "ओ स्वामी, पेपर आणा इकडे" म्हणायचे.

---

दोन_पानां

सगळं ठीक, पण पानं जिंकली ते बरंच झालं. विलीन झालो असतो तर आज 30 मे ला घटकराज्य दिन साजरा करायला राज्य तरी उरलं असतं का? आजोबांची माफी मागून.

---

शंकेखोर

@दोन_पानां, झालं. आता कोकणी-मराठी भाषावाद येणार, मग 1987, मग लिपी, आणि धागा चारशे प्रतिसादांवर जाऊन कुलूप.

---

कुळागरी

त्यासाठी तीन धागे आधीच उघडे आहेत. तिकडे चला, मी पण येते भांडायला. इथे स्वामींना राहू द्या.

---

घाटमाथा

मी आजऱ्याकडचा. आमच्याकडे आंबोली घाट चढून एक स्वामी यायचे, तेही फार बोलत नसत, दर खेपेला "नारायण" म्हणून उठायचे. वाचताना सारखं वाटत होतं की तेच. पण आमचे तपकीर ओढायचे आणि चांगले जाडजूड होते. तुमचे?

---

पागोळी

काडीसारखे. आणि तपकिरीचा वाससुद्धा नाही. तुमचे निराळे. पण "नारायण" सगळेच म्हणतात हो. आपण "ॐ नमो नारायणाय" म्हणायचं, त्यांनी "नारायण" म्हणायचं, ती संन्याशाची रीतच आहे. आमच्या धाकट्या भावाला कितीतरी वर्षं वाटायचं की त्यांचं नाव नारायण आहे.

---

घाटमाथा

अरेरे. मग मी उगाच आशा लावून बसलो. बरं, तुमचे स्वामी मूळचे कुठले, आधी काय करत होते? पन्नास वर्षांत कधी तरी बोलले असतील की.

---

पागोळी

नाही. आणि याबद्दल लिहायचंच होतं.

पूर्वाश्रमाबद्दल संन्याशाला विचारायचं नसतं, हे आजोबांनी आम्हाला लहानपणीच बजावलं होतं. नाव, गाव, आईबाप, सगळं तो मागे टाकून आलेला. स्वतःचं श्राद्धसुद्धा स्वतःच्या हातानं करून आलेला. आम्ही विचारत नव्हतो, पण अंदाज बांधायला काय जातंय? मराठीत मध्येच कानडी हेल यायचा, म्हणून ताई म्हणायची कारवारचे. गाठींवरून भाऊ म्हणायचा नौदलातले. चष्म्याच्या घरावरून माझी गोष्ट सगळ्यांत करुण होती, ती इथे सांगत नाही.

मग 1990-91 चा उन्हाळा. कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, पाणी देणारं डिझेल इंजिन बंद पडलं. पोफळींना एप्रिलमध्ये पाणी चुकलं की संपलंच. फोंड्याहून मेकॅनिक यायला दोन दिवस लागणार होते. बाबा नि गडी हँडल मारून मारून थकले. स्वामी पाटाच्या कडेला बसले होते. इंजिन एकदा फुरफुरलं, धूर टाकला आणि मेलं. स्वामी बसल्या जागेवरून म्हणाले, "नोझल."

बाबांनी मान वळवली. स्वामी उठले, छाटीचा पदर कमरेला खोचला, पान्हा मागितला. नाही, मागितला नाही, नुसता हात पुढे केला, तो गड्यानं भरला. नोझल काढलं, डिझेलनं धुतलं, झोळीतली सुई आणून त्याची बारीक भोकं मोकळी केली, परत बसवलं. तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. ते आवाजाकडे कान देऊन उभे राहिले, माटोळीच्या गाठीला द्यायचे तसा. मग एक बोल्ट अर्धा आटा ढिला केला. आणि मी बघितलं, हात पुसताना ते हसत होते. स्वतःशीच. पन्नास वर्षांत त्यांना तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

आम्ही पोरं संध्याकाळी आजोबांच्या मागे: मेकॅनिक होते! रेल्वेत असतील! गोदीत असतील! आजोबा म्हणाले, "कळलं ना? आता विसरा." आणि स्वामी त्या दिवशी तिसरी रात्र न राहता दुसऱ्याच सकाळी गेले. पुढची दोन वर्षं आले नाहीत. आजोबांना त्याचं फार लागलं. ते म्हणायचे, "इंजिनाला हात लावू द्यायला नको होता मी."

---

कुळागरी

बाई गं. दोन वर्षं.

---

भटजींचा_नातू

आमचे आजोबा यतिसंस्कार, म्हणजे संन्याशांचे अंत्यविधी, करायचे, म्हणून थोडं ठाऊक आहे. तो हात पुढे करणं तुम्हाला साधं वाटेल, पण त्यांच्या लेखी तो पूर्वाश्रम उंबऱ्यापर्यंत आला होता. मग निघून जाणं समजू शकतं.

एक कुतूहल. समाधी भूमीत दिली की पाण्यात? संन्याशांचे चार प्रकार सांगतात: कुटीचक, बहूदक, हंस, परमहंस. शास्त्रात कुटीचकाला दहन, बहूदकाला भूमी, हंसाला जलसमाधी, परमहंसाला परत भूमी. व्यवहारात आता बहुतेकांना भूमीच देतात.

---

पागोळी

भूमीत दिली. त्याचं सांगते नंतर, आधी आजोबांचं सांगायचं राहिलंय.

2001 च्या मार्चमध्ये आजोबा गेले. स्वामींना कळवायची सोय म्हणजे गोकर्णजवळच्या एका लहानशा आश्रमाच्या पत्त्यावर कार्ड. स्वामी तिथे असले तर मिळायचं. बाबांनी टाकलं. तेरावं झालं, चौदाव्याचं गोड झालं, पाहुणे गेले, आणि पंधराव्या दिवशी दुपारी ते फाटकात उभे.

लोक आल्यावर काय काय बोलतात ते आम्ही दोन आठवडे ऐकत होतो. देवमाणूस होते, सोनं झालं, तुम्ही खंबीर राहा. स्वामी यातलं काही बोलले नाहीत. संन्याशाला सुतक नाही, शोकही करायचा नाही. ते आत आले, आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघितलंही नाही, राजांगणातल्या आपल्या खांबाला टेकून बसले. आजीनं पान वाढलं. ती पंधरा दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती, रडलीही नव्हती. बाबांना त्याचीच काळजी होती.

स्वामींनी आमटी-भाताचा पहिला घास घेतला. थांबले. आणि म्हणाले,

"माई, मीठ कमी आहे."

आजी तशीच उभी राहिली. मग बरणी आणायला आत गेली, आणि आम्हाला आतून तिचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं. बाबा उठायला लागले तर स्वामींनी हातानं खाली बसवलं. बराच वेळानं ती बरणी घेऊन बाहेर आली, त्यांच्यासमोर सरकवली, जशी आजोबांपुढे सरकवायची तशीच. त्यांनी चिमूटभर मीठ घेतलं, भातावर घातलं आणि जेवले.

मी नंतर आमटी चाखून बघितली. मीठ बरोबर होतं.

---

शंकेखोर

मी मघाशी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण आज आणखी काही लिहिणार नाही.

---

दोन_पानां

आजोबांची खरंच माफी.

---

घाटमाथा

ऑफिसात वाचत होतो. चूक झाली.

---

तांबडी_माती

नंतर येत राहिले का?

---

पागोळी

हो. आजोबांनंतरही वर्षातून एकदा, आजीसाठी. कोकण रेल्वे झाल्यावर मडगावला उतरायचे, तिकीट कुणी काढलेलं असायचं देव जाणे. दोघं सोप्यावर बसायची, ती वाती वळायची, ते रस्त्याकडे बघायचे. तासभर एक शब्द नाही. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "भांडण झालंय का?"

2016-17 नंतर मात्र प्रवास झेपेना. मग आम्हीच जायचो, आजीला घेऊन. ती आता 91 ची आहे. या वेळी बाबांनी तिला नेलं नाही, गुडघे अजिबात चालत नाहीत.

---

भटजींचा_नातू

समाधीचं सांगणार होता. बघायला मिळणं दुर्मिळ झालंय, म्हणून विचारतो. संकोच वाटत असेल तर राहू द्या.

---

पागोळी

संकोच कसला. पहाटे आश्रमातून फोन आला, मी नि बाबा मडगावहून गाडीनं गोकर्ण रोडला उतरलो. माणसं असतील तीस-पस्तीस. आम्हाला वाटायचं आमचंच एक घर, तर तिथे अंकोल्याचं एक कुटुंब, शिरसीचं एक, बेळगावचे एक डॉक्टर, सगळ्यांचे चेहरे आमच्यासारखेच. प्रत्येकाला वाटत होतं की ते आपले. अंकोल्याच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे भाजी खायचे?" मला हसूच आलं.

पुरुषभर खोल खड्डा, आत एका बाजूला कोनाड्यासारखी जागा. स्वामींना न्हाऊ घातलं, नवी छाटी, भस्म, रुद्राक्ष, पद्मासनात बसवलेलं. खाली उतरवलं तेव्हा सगळे "नारायण, नारायण" म्हणत होते, आणि उत्तर द्यायला ते नव्हते, हे तेव्हा जाणवलं. चष्म्याचं घर झोळीबरोबर ठेवलं होतं. तिथल्या एका तरुण संन्याशानं ते उघडून बघितलं, रिकामं होतं, परत झोळीत घातलं.

मग मीठ. जाडं मीठ, गोणीच्या गोणी. पायापासून भरत आणतात, गुडघे, कंबर, छाती.

---

कुळागरी

मीठ का घालतात?

---

भटजींचा_नातू

व्यवहारातलं कारण सरळ आहे, मीठ शरीरातलं पाणी ओढून घेतं, कुजणं लांबतं, दुर्गंधी येत नाही, जनावरं उकरत नाहीत. सोबत भस्म, कापूर, बेल. दहन नाही कारण संन्यास घेताना विरजाहोम करून त्यानं अग्नी सोडलेला असतो. नंतरचे दहाव्याचे पिंड नाहीत, सुतक नाही. बाराव्या दिवशी नारायणबली आणि पुढे आराधना, तिला संन्याशांना जेवू घालतात.

---

पागोळी

आराधनेला बाबा परत जाऊन आले. मी नाही गेले.

मिठाचं थोडं राहिलं. आम्ही निघताना आजीनं मला आत बोलावलं होतं. आमच्याकडे अजून पुरुमेंत करतात, पावसाळ्याआधी मीठ, मिरची, सोलं, सुकी मासळी भरून ठेवायची. मीठ आगरातलं, करड्या रंगाचं, मातीच्या मडक्यात. आजीनं त्यातलं ओंजळ-दीड ओंजळ काढून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि मला दिलं. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तिथे पांढऱ्याशुभ्र मिठाच्या एवढ्या गोण्या बघून मला ते फडकं काढायला लाज वाटली. बाबांनी कोपरानं ढोसलं. मीठ छातीपर्यंत आलं होतं. मी खड्ड्याच्या कडेला बसून फडक्याची गाठ सोडवायला गेले तर सुटेना, नव्वदीच्या बाईची गाठ, दातांनी सोडवावी लागली. आमचं मीठ वर घातलं तेव्हा तेवढाच करडा डाग दिसत होता. मग दुसरी गोणी आली.

रात्री परतीच्या गाडीत आजीचा फोन आला. किती माणसं होती, जेवलात का, पाऊस होता का, यातलं काही विचारलं नाही.

"मीठ पुरलं गो?"

मी म्हटलं, "पुरलं आजी. बरोबर झालं."